हस्तलिखिताचें वय आणि पाठाचें वय

जुनें तें सोनें ही म्हण आजीबाईंच्या तोंडीं शोभते. तिनें ती आपल्या पाटल्यांविषयीं किंवा माळ्यावरच्या पितळी पातेल्यांविषयीं म्हटली तर तिच्याशीं कोणी वाद घालीत नाहीं, व घालूंही नये. परंतु हीच म्हण विद्वत्तेची शाल पांघरून ग्रंथसंशोधनाच्या सभेंत येऊन बसते आणि तेथून तिला उठवावयास कोणी धजत नाहीं, ही गोष्ट मात्र निमूटपणें सोसण्यासारखी नव्हे. बायबलाच्या कित्येक इंग्रजी भाषांतरांत पानांच्या तळाशीं बारीक टाइपांत टिपा असतात. त्यांत ‘प्राचीन’ आणि ‘विश्वसनीय’ हीं दोन विशेषणें जुळ्या भावंडांसारखीं हात धरून हिंडतांना दिसतात. अमुक शब्द प्राचीनतम हस्तलिखितांत नाहींत, एवढें सांगितलें कीं टीपकाराचें काम संपलें. ते शब्द खोटे ठरले असें वाचकानें आपलें आपण समजून घ्यावयाचें. सुशिक्षित म्हणविणारा वाचक तसें समजतोही, आणि पुढें व्याख्यानांत, लेखांत व चहाच्या बैठकींत तेंच ठासून सांगतो. हस्तलिखित जितकें जुनें तितका त्यांतला पाठ खरा, या विधानांत जी फसगत आहे ती एका पोथीच्या उदाहरणानें उघडी करावी, असा माझा विचार आहे.

ज्या ग्रंथाचें उदाहरण मी घेत आहें तो माझ्या धर्माचा नव्हे, आणि त्यांतील सिद्धांतांचा खरेखोटेपणा ठरविण्याचा मला अधिकारही नाहीं. परंतु ‘या ग्रंथकारानें मुळांत काय लिहिलें?’ हा प्रश्न श्रद्धेचा नाहीं, पुराव्याचा आहे. आणि पुरावा तोलण्याची रीत धर्मागणिक बदलत नसते.

ग्रीस देशाच्या उत्तरेस ईजियन समुद्रांत घुसलेल्या एका डोंगराळ भूशिरावर आथोस नांवाचें मठांचें एक लहानसें राज्यच आहे. तेथें स्त्रियांना पाऊल ठेवण्याची मनाई आहे. (या नियमाविषयीं माझ्या घरांत जें मत व्यक्त झालें तें येथें छापण्यासारखें नाहीं.) इ. स. ९६३ मध्यें स्थापन झालेला लाव्रा हा तेथील अग्रगण्य मठ. त्याच्या ग्रंथसंग्रहांत चर्मपत्राची एक पोथी आहे. तिचीं पानें शंभराच्या किंचित् पुढें, उंची सुमारें २३ सेंटिमीटर, म्हणजे शाळकरी मुलाच्या वहीएवढी, आणि प्रत्येक पानावर ३५ ओळी. नव्या करारांतील चार शुभवर्तमानें तींत नाहींत, प्रकटीकरणही नाहीं. प्रेषितांचीं कृत्यें, सात सामान्य पत्रें आणि पौलाच्या नांवावर मोडणारीं चौदा पत्रें तेवढीं आहेत. एफ्राइम नांवाच्या साधूनें ती दहाव्या शतकांत लिहिली. १८९७ सालीं ती फॉन डेर गोल्ट्स या जर्मन विद्वानाच्या नजरेस पडली आणि १८९९ मध्यें त्यानें तिजवर ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रेगरी या पंडितानें नव्या कराराच्या ग्रीक हस्तलिखितांना जे क्रमांक लावले त्यांत हिचा क्रमांक १७३९. हा इसवी सनाचा आंकडा नव्हे, एवढें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. नाहीं तर पुढें गोंधळ उडेल.

दहावें शतक! येथेंच आपल्या सोनाराचें तोंड वांकडें होतें. व्हॅटिकनमधील प्रसिद्ध संहिता चौथ्या शतकांतली; सिनाय पर्वताच्या मठांत टिशेनडॉर्फला मिळालेली संहिताही चौथ्या शतकांतलीच. ही दुसरी संहिता १९३३ सालीं ब्रिटिश म्यूझियमनें सोव्हिएट सरकारकडून एक लक्ष पौंड मोजून विकत घेतली, आणि लोकांनीं तिच्यासाठीं वर्गण्या दिल्या. १७३९ साठीं कोणी थैली मोकळी केली नाहीं. तिच्या जातीच्या, म्हणजे लहान व जोडून लिहिलेल्या अक्षरांच्या, २,८०० हून अधिक पोथ्या जगांत नोंदल्या गेल्या आहेत. एवढ्या गर्दींत एकीची विचारपूस कोण करणार?

ही ‘लहान अक्षरांची’ जात म्हणजे काय, हें थोडें खुलाशानें सांगितलें पाहिजे. कारण सगळ्या गैरसमजाचें बीं तेथें आहे. नवव्या शतकापर्यंत ग्रीक धर्मग्रंथ मोठ्या, सुट्या, कोरल्यासारख्या अक्षरांनीं लिहीत. नंतर जोडलिपीचा प्रघात पडला. तारीख नमूद असलेलें त्या लिपींतील पहिलें शुभवर्तमानांचें हस्तलिखित ८३५ सालचें आहे. आपल्याकडे बाळबोध आणि मोडी यांत जो फरक, तसाच कांहीं हा. मात्र आपण मोडी दप्तरापुरती ठेविली, आणि ग्रीकांनीं ग्रंथच त्या वळणानें लिहावयास घेतले. हात भरभर चाले आणि तेवढ्याच चामड्यांत दुप्पट मजकूर मावे. पुढच्या दोनशें वर्षांत मठामठांतून जुन्या लिपीच्या प्रती उघडून त्यांच्या नव्या लिपींत नकला करण्याचा सपाटा चालला. नकल झाली कीं जुन्या प्रतीची गरज संपे. तिचें वळण पुढच्या पिढीला वाचतां येईना. चामडें तर महाग. तेव्हां कोणी तीं पानें खरवडून त्यांवर दुसरा मजकूर लिही, कोणी दुसऱ्या पोथीच्या बांधणींत घाली. नातू जिवंत आणि आजोबा बेपत्ता, अशी ही स्थिति आहे. म्हणून दहाव्या शतकांतील पोथीकडे पाहून ‘ही अलीकडची’ असा शेरा मारण्यापूर्वीं विचारावयाचा प्रश्न एकच: हिच्या लेखकापुढें जी प्रत उघडी होती ती कोणत्या काळची?

एफ्राइमच्या पोथीपुरतें या प्रश्नाचें उत्तर देतां येतें, हें आपलें भाग्य. तिच्या समासांत जुन्या आचार्यांच्या ग्रंथांतून घेतलेल्या टिपा आहेत. त्यांत इरेनियस आहे, अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट आहे, ओरिजेन आहे, युसेबियस आहे, आणि बेसिल आहे. यांतला सर्वांत अलीकडचा बेसिल, तो ३७९ सालीं वारला. त्याच्या अलीकडचा एकही ग्रंथकार नाहीं. एफ्राइमच्या काळीं ज्याच्या प्रवचनांचा घोष प्रत्येक ग्रीक देवळांत होत असे त्या क्रिसोस्तोमचेंही नांव नाहीं! एखाद्या घराच्या फडताळांत १९२० नंतरचें एकही वर्तमानपत्र सांपडलें नाहीं, तर तें फडताळ केव्हां बंद झालें हें सांगावयास ज्योतिषी लागत नाहीं. टिपांचा हा संग्रह चौथ्या शतकाच्या अखेरीस पुरा झाला, आणि एफ्राइमनें जी पोथी उतरली तिची वंशरेषा तेथवर पोंचते. शिवाय पौलाच्या पत्रांच्या आरंभीं एक निवेदन आहे. त्याचा आशय असा कीं, हीं पत्रें फार जुन्या प्रतीवरून घेतलीं आहेत, तिचा पाठ ओरिजेनच्या ग्रंथांतील पाठाशीं ताडून पाहिला आहे, आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा पाठ ओरिजेनच्या भाष्यांतूनच उचलला आहे. ओरिजेन तिसऱ्या शतकांतला. म्हणजे वय दहाव्या शतकाचें, आणि बोलणें तिसऱ्या-चौथ्या शतकाचें.

नुसतें पोथीनें स्वतःविषयीं सांगितलें म्हणून खरें मानावें काय? मुळींच नव्हे, पोथ्यांनाही आपल्या कुळाच्या बढाया मारण्याची खोड असते. परंतु येथें बाहेरचा साक्षीदार मिळाला आहे. १९३० च्या सुमारास ईजिप्तमधून कांहीं पपायरसांचीं पानें विक्रीस आलीं व चेस्टर बीटी या संग्राहकानें त्यांतलीं पुष्कळशीं मिळविलीं. त्यांत पौलाच्या पत्रांची एक प्रत निघाली, ती सुमारें इ. स. २०० ची, क्रमांक ४६. व्हॅटिकन-सिनायच्या संहितांहूनही ही दीडशें वर्षांनीं वडील. ग्युन्थर झुन्त्स या पंडितानें १९४६ च्या आपल्या व्याख्यानांत (तीं १९५३ मध्यें ग्रंथरूपानें आलीं) या पपायरसाची बारकाईनें तपासणी केली, तेव्हां आढळलें तें असें कीं, साडेसातशें वर्षांनीं धाकटी १७३९ कितीएक ठिकाणीं या पपायरसाशीं जुळते आणि मधल्या काळांतल्या शेंकडों प्रती जुळत नाहींत. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचें उदाहरण घ्या. बहुतेक सर्व पोथ्यांत त्याच्या पहिल्याच वचनांत ‘इफिस येथील’ या अर्थाचे शब्द आहेत. पपायरस ४६ मध्यें ते नाहींत. सिनाय व व्हॅटिकन या संहितांत पहिल्या लेखकानें ते लिहिले नव्हते. आणि या तीन वृद्धांच्या पंक्तीस बसण्याचा मान १७३९ ला आहे. आपण पाहिलेल्या जुन्या प्रतींत ते शब्द नाहींत असें बेसिल स्वतः लिहून गेला आहे. कागदोपत्रीं नांव एक आणि पत्ता दुसराच, असें हें पत्र मुळांत कोणाला होतें हा वाद मी येथें उकरीत नाहीं. मला दाखवावयाचें तें एवढेंच कीं, पपायरस हातीं येण्यापूर्वीं तीस वर्षें ही पोथी खरें सांगत होती, आणि तिचें वय पाहून तिच्याकडे दुर्लक्ष करणारे चुकत होते.

याहून मौजेचें स्थळ योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायांत आहे. खरा आत्मा कोणता व खोटा कोणता याची तेथें कसोटी सांगितली आहे. सर्व ग्रीक पोथ्यांप्रमाणें खोटा आत्मा येशूची कबुली ‘देत नाहीं’. १७३९ च्या मुख्य मजकुरांतही तसेंच आहे. परंतु समासांत टीप आहे कीं इरेनियस, क्लेमेंट व ओरिजेन यांच्या वाचनांत येथें निराळेंच क्रियापद होतें, ‘सोडवितो, फोडतो’ या अर्थाचें. म्हणजे येशू हा मनुष्य निराळा आणि ख्रिस्त निराळा अशी फोड करणारा तो खोटा. अर्थांत केवढें अंतर पडलें! हा पाठ लॅटिन भाषांतरांत होता, आणि पांचव्या शतकांतील इतिहासकार सॉक्रेटीस याचा दाखला देतो; परंतु ग्रीक हस्तलिखितांत त्याची आठवण टिकली ती या एका समासांत. तो पाठ मूळचा कीं दुसऱ्या शतकांतील वादाच्या भरांत शिरलेला, याविषयीं माझें मत दुसऱ्या पक्षाकडे झुकतें. तथापि दुसऱ्या शतकांत लोक काय वाचीत होते हें ज्याला कळावयास पाहिजे, त्याला दहाव्या शतकांतल्या साधूच्या दारीं जाण्यावांचून गत्यंतर नाहीं.

या साधूविषयीं आणखी दोन शब्द लिहितों. पॉलिबियसचा इतिहास व ॲरिस्टॉटलचे तर्कग्रंथ यांच्या दहाव्या शतकांतील मान्यवर प्रती याच एफ्राइमच्या हातच्या मानल्या जातात. आथोसवरच वातोपेदी मठांत चार शुभवर्तमानांची १५८२ क्रमांकाची पोथी आहे, तीही त्याचीच. तींत मार्कच्या शेवटच्या अध्यायांत आठव्या वचनानंतर तो टीप देतो कीं, कांहीं प्रतींत शुभवर्तमान येथेंच संपतें व युसेबियसनेंही येथवरच धरलें आहे, परंतु पुष्कळ प्रतींत पुढचा मजकूर सांपडतो. आणि एवढें सांगून तो पुढचा मजकूर उतरवितो. ही टीप त्यानें आदर्श प्रतींतून घेतली असेल. ती गाळली नाहीं यांतच त्याची योग्यता आहे. प्राचीन-विश्वसनीय असे ठसे उठविणाऱ्या टीपकाराहून हा हजार वर्षांपूर्वींचा नकलकार मला अधिक सभ्य वाटतो.

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकूं. ते म्हणतात: प्रत्येक नकलेबरोबर चुका वाढतात, म्हणून मूळ लेखनापासून जितकें जवळ तितकें निर्दोष. यांतला पहिला भाग खरा, दुसरा खोटा. चुका वाढतात त्या नकलांच्या पिढ्यांनीं, वर्षांनीं नव्हे. चौथ्या शतकांतील एखादी प्रत मुळापासून विसाव्या पिढीची असूं शकते आणि दहाव्या शतकांतील एखादी पांचव्या पिढीची. चर्मपत्र कांहीं वर्तमानपत्राचा कागद नव्हे कीं पन्नास वर्षांत त्याचा भुगा व्हावा. नीट ठेविलें तर तें सहाशें वर्षें सहज वाचलें जातें. शिवाय जे मोठे, जाणूनबुजून केलेले पाठभेद, ते बहुतेक सारे पहिल्या दोनशें वर्षांत उत्पन्न झाले, या गोष्टीवर या शास्त्राचे बहुतेक जाणते एकमत आहेत. तेव्हां धर्मपंथांचे वाद पेटले होते, ग्रंथाला अजून पुरतें सोंवळें प्राप्त झालें नव्हतें, आणि हौशी नकलकार कारागीर नव्हते. म्हणजे रोगाचा काळ आणि प्रतिष्ठेचा काळ एकच! पपायरस ४६ ची एवढी थोरवी मीं वर गायिली, पण त्याच्या लेखकानें शब्द किती गाळले आणि ओळींवरून डोळे कसे घसरूं दिले हें झुन्त्सनेंच दाखविलें आहे. सिनायची संहिता तर दुरुस्त्यांनीं इतकी भरली आहे कीं तिच्यावर वंशपरंपरा शाळामास्तर बसविले होते असें वाटावें.

हा दोष सगळाच्या सगळा वेस्टकॉट आणि हॉर्ट या केंब्रिजच्या जोडीच्या माथीं मारतात, तें मला मान्य नाहीं. १८८१ च्या त्यांच्या आवृत्तींत व्हॅटिकन व सिनाय या संहितांना फाजील मान दिला आहे, हें खरें; परंतु हॉर्ट नुसतें वय पाहून भुलणारा नव्हता. त्यानें पोथ्यांचीं कुळें पाहिलीं. तो १८९२ मध्यें वारला; १७३९ त्याच्या हातीं पडली असती तर तिला त्यानें खासच वर बसविलें असतें. पंथ बिघडतो तो शिष्यांच्या हातीं. गुरूनें शंभर कसोट्या लावून काढलेला निष्कर्ष शिष्य एका विशेषणांत बसवितात, कारण विशेषण पाठ करावयास सोपें.

दुसरा एक पक्ष आहे तो अगदीं उलट टोंकाला. तो म्हणतो: वय सोडा, डोकीं मोजा, हजार पोथ्या एक सांगतात आणि चार दुसरें सांगतात, तर हजारांचें खरें. गेल्या शतकांत नव्हे, त्याच्या आधींच्या शतकांत डीन बर्गन यांनीं या पक्षाची बाजू मोठ्या आवेशानें मांडली, आणि १८८३ च्या त्यांच्या ग्रंथांतील भाषा आजही वाचतांना हाताला चटका बसतो. विद्वान् होते, शेंकडों पोथ्या त्यांनीं स्वतः पाहिल्या होत्या. पण न्याय चुकला. मी तीसएक वर्षें विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपाशीत आहें. चाळीस पत्रिकांत एकच बरोबर उत्तर आलें तर त्यावरून कांहीं सिद्ध होत नाहीं. परंतु चाळीस पत्रिकांत एकच चमत्कारिक चूक, त्याच शब्दांत, त्याच ठिकाणीं आली, तर मी चाळीस साक्षी धरीत नाहीं. एक साक्षीदार आणि एकोणचाळीस शेजारी असें धरतों. कोणत्याही परीक्षकाला हें शिकवावें लागत नाहीं. मग पोथ्यांच्या बाबतींतच डोकीं मोजण्याची ही निवडणूक कशासाठीं?

डोकीं मोजण्याचा परिणाम काय होतो याचा एक दाखला बासल शहरांत घडला. १५१६ सालीं इरॅस्मसनें फ्रोबेनच्या छापखान्यांतून ग्रीक नवा करार काढला तेव्हां त्याच्यापाशीं बाराव्या शतकाच्या आसपासच्या मूठभर पोथ्या होत्या. त्यांतली एक, आज जिला क्रमांक १ म्हणतात ती, एफ्राइमच्या १५८२ च्या कुळांतली. शुभवर्तमानांपुरती हाताशीं असलेल्यांत सर्वांत मोलाची. पण तिचा पाठ इतर पोथ्यांशीं जमेना, तेव्हां हिच्यावर लॅटिनची छाया पडली आहे असा संशय घेऊन त्यानें तिचा फारसा उपयोग केला नाहीं, आणि क्रमांक २ ही सामान्य पोथी खुणा करून जुळाऱ्यांच्या हातीं दिली. प्रकटीकरणासाठीं तर त्याच्याजवळ एकच पोथी, आणि तिचेंही शेवटचें पान गळलेलें. शेवटचीं वचनें त्यानें लॅटिनवरून स्वतः ग्रीक करून घातलीं. त्यांत जीवनाच्या ‘वृक्षा’चा जीवनाचा ‘ग्रंथ’ झाला, तो १६११ च्या इंग्रजी बायबलांत तसाच मुक्कामास आहे. हा ‘सर्वमान्य पाठ’ म्हणून ज्यांनीं डोक्यावर घेतला त्यांना बहुमताचा पक्षही साधला नाहीं, कारण त्या ओळींतले कांहीं शब्द छापण्यापूर्वीं एकाही ग्रीक पोथींत नव्हते.

माझ्या म्हणण्याचा कोणी असा अर्थ करील कीं आतां अलीकडच्या सर्व पोथ्यांना गादीवर बसवावें. तसें नाहीं. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांत मॉन्टफर्टच्या नांवानें ओळखली जाणारी ६१ क्रमांकाची पोथी आहे, सोळाव्या शतकाच्या आरंभीची. स्वर्गांतील पिता, शब्द व पवित्र आत्मा या तीन साक्षींचें प्रसिद्ध वाक्य ग्रीक पोथ्यांत न मिळाल्यामुळें इरॅस्मसनें पहिल्या दोन आवृत्त्यांत घातलें नव्हतें. गहजब झाला, मग ही पोथी पुढें आली, आणि १५२२ च्या आवृत्तींत तें वाक्य आलें. (असें वाक्य दाखविल्यास मी तें घालीन, असें वचन देऊन तो शब्दांत अडकला, ही गोष्ट पुस्तकांपुस्तकांतून फिरते, तिला आधार नाहीं, हें डी योंग या डच विद्वानानें १९८० मध्यें दाखवून दिलें आहे.) त्या पोथींतील या वाक्यांत ग्रीक भाषेला जेथें उपपद हवें तेथें तें नाहीं, आणि लॅटिन भाषेंत उपपद नसतेंच. मजकूर कोठून उतरला हें निराळें सांगावयास नको. ही पोथी देहानेंही तरुण आणि पाठानेंही तरुण. आणि खुद्द १७३९ सुद्धां सर्वत्र सारखी नाहीं: प्रेषितांच्या कृत्यांत तिचा पाठ पत्रांतल्याइतका शुद्ध नाहीं, आठव्या अध्यायांतील सदतिसावें वचन, जें मागाहून घातलेलें आहे असें मानण्यास पुरेशीं कारणें आहेत, तें तींत आहे. एकाच माणसाची साक्ष एका बाबतींत पक्की आणि दुसऱ्या बाबतींत ऐकीव असूं शकते, तसेंच हें. जर्मनींतील म्युन्स्टर येथें १९५९ मध्यें निघालेल्या संशोधनसंस्थेनें तर हस्तलिखित ही वस्तु आणि त्यांतला पाठ यांचा हिशेबच वेगळा ठेवावयास घेतला, आणि तिच्या प्रमुखानें, कुर्ट आलांड यानें, केलेल्या प्रतवारींत पत्रांपुरती १७३९ पहिल्या वर्गांत बसली. पंडित शहाणे झाले, पण टीपकारांना त्याची वार्ता नाहीं.

हें सगळें परक्याच्या घरचें म्हणून कोणी झटकून टाकूं नये. पाठचिकित्सेच्या याच पाश्चात्य पद्धतीवर विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारताची चिकित्सित आवृत्ति हातीं घेतली. आदिपर्व १९३३ मध्यें पुरें झालें, आणि सबंध ग्रंथ १९६६ मध्यें. त्यांत आदिपर्वासाठीं भूर्जपत्रावरील शारदा लिपीची एक काश्मिरी प्रत मोठ्या मानाची ठरली. ती प्रत प्राचीन म्हणावी तर तिचें लेखन सोळाव्या-सतराव्या शतकाचें असावें असा अजमास आहे! तिला मान मिळाला तो वयावर नव्हे, तर भर न पडलेल्या, आटोपशीर, जुन्या पाठावर. आणि देशभर पसरलेला नीलकंठी पाठ बहुमत असूनही मागें राहिला. त्या वेळीं आपल्यापैकीं पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. शेंकडों पोथ्यांत असलेले श्लोक खालीं टिपेंत ढकलले म्हणून संताप केला. तो संताप आणि डीन बर्गनचा संताप एकाच जातीचा होता. आणि घरांतली आजोबांच्या हातची पोथी ‘ही काय, शंभर-दीडशें वर्षांची’ म्हणून नदींत सोडणारा त्यांचा नातू दुसऱ्या जातीचा. तिच्या आजोबांसमोर कोणती प्रत होती हें दोघांनींही विचारलें नाहीं.

आतां ज्या स्थळासाठीं मीं लेखणी उचलली त्याकडे येतों. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत, नवव्या वचनांत, येशूनें सर्वांसाठीं मरण अनुभविलें असें म्हटलें आहे. कसें अनुभविलें? जवळजवळ सर्व पोथ्या सांगतात, ‘खारिति थेऊ’, म्हणजे देवाच्या कृपेनें. १७३९ च्या मूळ हातानें लिहिलें आहे, ‘खोरिस थेऊ’, म्हणजे देवावांचून, देवापासून दूर. दोनचार अक्षरांचा फरक. आणि त्या अक्षरांत एका मरणाचें सारें चित्र पालटतें. एका पाठांत वध होत आहे तोही ईश्वराच्या छायेखालीं. दुसऱ्यांत मरणारा एकटा आहे. मार्कच्या शुभवर्तमानांत वधस्तंभावरून जी आर्त हांक येते तिच्याशीं कोणता पाठ जुळतो हें सांगावयास पाहिजे काय?

वयाच्या कसोटीनें हें प्रकरण एका क्षणांत निकालांत निघतें. पपायरस ४६ मध्यें ‘कृपेनें’, सिनायमध्यें ‘कृपेनें’, व्हॅटिकनमध्यें ‘कृपेनें’. ‘देवावांचून’ या पक्षाला ग्रीक पोथ्यांत आधार काय, तर ही दहाव्या शतकाची १७३९, आणि तिच्याच काळची, मोठ्या अक्षरांची ०२४३. आणि या दोघी एकाच घरच्या, म्हणून माझ्याच उत्तरपत्रिकांच्या न्यायानें मी त्या दोन धरीत नाहीं, एकच धरतों. डोक्यांच्या कसोटीनेंही निकाल तोच. परंतु ओरिजेनला तिसऱ्या शतकांत हे दोन्ही पाठ ठाऊक होते; मोप्सुएस्तियाचा थिओडोर ‘देवावांचून’ हाच खरा पाठ म्हणून भांडला. म्हणजे तो पाठ तेव्हां पुष्कळ ठिकाणीं वाचला जात होता, आणि पुढें पोथ्यांतून नाहींसा झाला. कां झाला असावा? ‘देवावांचून मेला’ हें वाक्य प्रार्थनेच्या वेळीं मोठ्यानें वाचतांना कोणत्या पुरोहिताची जीभ अडखळणार नाहीं? ‘कृपेनें’ या शब्दाला कोणी हरकत घेणें शक्य नव्हतें; तो काढून त्याच्या जागीं ‘देवावांचून’ घालावें अशी बुद्धि कोणा भाविकाला व्हावयाची नाहीं. उलट दिशेनें मात्र हात सहज वळतो. शिवाय ‘खोरिस’ हा शब्द या पत्राच्या लेखकाच्या आवडीचा, तो वारंवार योजतो. हार्नाकनें १९२९ मध्यें याच पाठाचा कैवार घेतला, झुन्त्सनें घेतला, आणि १९९३ मध्यें एर्मान या अमेरिकन पंडितानेंही घेतला.

प्रतिपक्षाकडेही उत्तर आहे, आणि तें पोरकट नाहीं. आठव्या वचनांत सर्व कांहीं त्याच्या अधीन केलें असें आहे. तेथें एखाद्या सावध वाचकानें समासांत ‘देवाखेरीज’ अशी पुस्ती जोडली असेल, कारण करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत तसा अपवाद स्पष्ट केला आहे. आणि ती पुस्ती पुढच्या नकलकारानें एक ओळ खालीं मजकुरांत ओढली असेल. असें घडतें, समासांतलें मजकुरांत शिरल्याचीं उदाहरणें प्रत्येक पोथीवाल्याला माहीत आहेत. तरी माझा कौल ‘देवावांचून’ याच पाठाला आहे. समासांतल्या अपघातानें जन्मलेलें वाक्य नेमकें एवढें भेदक, आणि नेमकें लेखकाच्या शैलींतलें निघावें, हा योगायोग मला पचत नाहीं.

कोणाला माझा कौल पटणार नाहीं, हरकत नाहीं. परंतु वाचकापुढें हा वाद मांडलाच जात नाहीं, ही माझी तक्रार आहे. मार्कच्या शेवटच्या वचनांवर टीप आहे, व्यभिचारी ठरविलेल्या स्त्रीच्या कथेवर टीप आहे, कारण तेथें बोलणाऱ्या पोथ्या म्हाताऱ्या आहेत. इब्री पत्राच्या या वचनाखालीं घरोघरीं वाचल्या जाणाऱ्या कितीएक भाषांतरांचें पान कोरें असतें. १९८९ च्या ‘न्यू रिव्हाइज्ड स्टँडर्ड’ या भाषांतरकारांनीं मात्र तेथें एक ओळ खर्चिली आहे, आणि दुसरा पाठ आहे एवढें प्रामाणिकपणें नोंदविलें आहे. तेवढी एक ओळ इतरांनींही द्यावी. तीसाठीं त्यांना चर्मपत्र विकत घ्यावयाचें नाहीं, कीं आथोसची वाट चढावयाची नाहीं.